पाच, सात की आठ?

बेळगावहून खानापूरच्या दिशेनं निघालं की तिसरं रेल्वे गेट, मग उद्यमबागेतले कारखाने आणि मग पिरनवाडी. नाक्यावर रस्ता फुटतो. एक सरळ मच्छे, देसूर करत खानापूरला जातो. दुसरा उजवीकडे वळून किणये, जांबोटीवरून चोर्ला घाट उतरतो आणि गोव्यात शिरतो. गोव्याला चाललेली भाजी, गोव्याहून परतणारे पर्यटक, फौंड्रीचं लोखंड, कॉलेजच्या बसगाड्या, वडाप, रिक्षा, सगळं या नाक्यावर एकमेकांना हॉर्न देत वळतं. माझ्या मावसबहिणीचं घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. हा वाक्प्रचार मी हल्ली जपून वापरतो, कारण नाक्यावरून मारलेली हाक दिवसाउजेडी तिच्या घरापर्यंत कधीच पोचत नाही.

तिची नात आठ वर्षांची. तिसरीत, इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, गल्लीत निम्मं मराठी निम्मं कन्नड, वर्गात इंग्रजी आणि मधल्या सुट्टीत जे तोंडाला येईल ते. यंदा शाळेच्या डायरीत दोनदा शेरा आला : मुलगी लक्ष देत नाही. सांगितलेलं अर्धंच करते, गृहपाठ चुकीच्या पानावरचा करून आणते. घरच्यांनी कान तपासून आणले. रिपोर्ट चांगला. दोन्ही कान ठणठणीत. बहीण मला म्हणाली, "डॉक्टर म्हणतात ऐकू येतंय. मग ऐकत का नाही?"

एवढ्या बोलण्यात तिनं एकच धातू दोनदा वापरला आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. मराठीत 'ऐकू येणं' हे कानाचं काम आहे, 'ऐकणं' हे माणसाचं. आणि पोराच्या बाबतीत 'ऐकत नाही' म्हणजे थेट बेशिस्त, हट्टीपणा. ऐकू आलं पण कळलं नाही, कळलं पण अर्धंच, ही जी मधली मोठी जागा आहे तिला आपल्याकडे सुटसुटीत क्रियापद नाही. त्यामुळे त्या जागेत सापडलेलं मूल आपोआप 'ऐकत नाही' या खात्यात जमा होतं.

मी एक खेळ काढला. स्वयंपाकघरात मिक्सर लावायला सांगितला, चटणीचा. नातीला ओट्यापासून तीन-चार पावलांवर पाठमोरी बसवली, हातात पाटी दिली आणि तीन-तीन आकडे म्हणत गेलो. नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही. मिक्सर बंद असताना तिनं एकही आकडा चुकवला नाही. चालू केल्यावर एक, दोन, तीन, नऊ बहुतेक बरोबर आले. गोंधळ झाला तो चार, पाच, सात, आठ या चौकडीत. पाच म्हटलं की सात, सात म्हटलं की आठ.

हे शास्त्र नव्हे, दिवाळीच्या सुट्टीतला घरगुती उद्योग. पण चूक कुठं झाली ते पाहण्यासारखं आहे. चार, पाच, सात, आठ. चारही एकाक्षरी ठोक्याचे, चारहींच्या पोटात तोच दणदणीत 'आ'. फरक आहे तो फक्त मागच्या-पुढच्या व्यंजनांचा. बोलण्यातली ताकद स्वरांत असते. ते खालच्या पट्टीतले, जाड आवाजाचे. स, च, त, ठ ही व्यंजनं बारीक, उंच पट्टीतली, क्षणभर टिकणारी. गोंगाट आधी त्यांना गिळतो. मिक्सरपलीकडे पोरीच्या कानावर फक्त 'आ' पोचत होता आणि उरलेलं ती अंदाजानं भरत होती. विमानाच्या रेडिओवर इंग्रजी 'फाईव्ह' आणि 'नाईन' यांचा असाच घोळ होतो. तिथंही पोटातला स्वर एकच. म्हणून वैमानिक नऊला 'नायनर' आणि पाचला 'फाइफ' म्हणतात. आपल्या चौकडीसाठी अशी सोय कुणी केलेली नाही.

आकडे सांगून पोरांचे कान तपासायची कल्पना तशी शंभर वर्षांची आहे. १९२६च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं एक यंत्र शाळाशाळांतून फिरू लागलं. ग्रामोफोनची तबकडी, तिला जोडलेले कानाचे रिसीव्हर, एका वेळी चाळीसेक मुलं. तबकडीवरचा आवाज आकडे म्हणत जायचा, दर वेळी थोडा हळू, आणि मुलं ऐकू येतील तेवढे कागदावर लिहायची. बेल लॅबोरेटरीजचे हार्वे फ्लेचर आणि कानाचे डॉक्टर एडमंड फाउलर यांनी त्याच वर्षी अमेरिकेतल्या बहिऱ्या शाळकरी मुलांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच तीस लाखांचा आकडा होता. यंत्राची एक खोट नंतर लक्षात आली. ज्या मुलाला फक्त उंच पट्टीतलं ऐकू येत नाही, ते आकडे नुसत्या स्वरांवरून ओळखायचं आणि पास व्हायचं. इंग्रजीत ते चालून जातं, कारण बहुतेक आकड्यांचे स्वर वेगळे. मराठी आकड्यांची तबकडी असती तर ते मूल पाच-सातच्या फेऱ्यात पहिल्याच दिवशी सापडलं असतं, असं मला उगीच वाटतं.

आज दवाखान्यात होते ती चाचणी याहून कितीतरी नेमकी. बंदिस्त, आवाज न शिरणारी खोली. कानावर हेडफोन. २५०पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे शुद्ध स्वर, एकेका कानात, हळूहळू बारीक होत जाणारे. ऐकू आलं की बोट वर करायचं किंवा बटण दाबायचं; लहानग्यांकडून डब्यात ठोकळा टाकून घेतात. कानाचा पडदा, आतली हाडं, शंखाकृती कॉक्लिया, तिथून निघणारी नस यांची अवस्था यातून चांगली कळते. ही चाचणी हवीच. पण ती रिकाम्या मैदानात स्कूटरचा आठ काढून दाखवण्यासारखी आहे. त्यावर लायसन मिळतं. पिरनवाडी नाक्यावर संध्याकाळी सहा वाजता काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही.

नाक्यावरची परीक्षाही आहे. तिची रचना साधी, पण डोकेबाज. गोंगाट एका पातळीवर ठेवायचा. १९९४मध्ये लॉस एंजेलिसच्या हाउस इअर इन्स्टिट्यूटमधून आलेल्या 'हिअरिंग इन नॉईज टेस्ट'मध्ये तो ६५ डेसिबलला बांधलेला असतो. त्यावर एक छोटं वाक्य ऐकवायचं. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणायचं. बरोबर आलं तर पुढचं वाक्य थोडं हळू, चुकलं तर थोडं मोठं. असं वर-खाली करत गाडी एका ठिकाणी घुटमळायला लागते, जिथं निम्मी वाक्यं बरोबर येतात आणि निम्मी चुकतात. तिथं बोलणं आणि गोंगाट यांच्यात किती डेसिबलचा फरक आहे तो मोजायचा. बस्स, तोच निकाल. कुणाला गोंगाटापेक्षा बोलणं दोन-तीन डेसिबल कमी असलं तरी चालतं, कुणाला ते वरचढ लागतं. दोन-तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण या काठावर तेवढ्यात वाक्य हाती येतं किंवा जातं.

वाक्यं कुणी लिहिली हा यातला खरा प्रश्न. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७९ची, इंग्लंडातली. बेंच, कोवाल आणि बॅमफर्ड या तिघांना कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी वाक्यं हवी होती. त्यांनी ती टेबलाशी बसून रचली नाहीत. आठ ते पंधरा वर्षांच्या अशा मुलांना चित्रं दाखवली, ती काय बोलतात ते टिपलं आणि त्यांच्याच तोंडच्या शब्दांतून, त्यांच्याच वाक्यरचनेतून यादी बांधली. का? कारण वाक्य परत म्हणता आलं नाही तर दोष कानाचा की शब्द माहीत नसल्याचा, हे कळायला हवं. शब्द मुलाचाच असेल तर दुसरी शंका उरत नाही. पुढं अमेरिकेतल्या त्या चाचणीनंही हीच वाक्यं घेतली, अमेरिकी कानाला जुळवून.

आता मुलांकडे येऊ. मूल म्हणजे लहान कानाचा मोठा माणूस नव्हे. कान जन्मतःच बऱ्यापैकी तयार असतात. तयार नसतो तो गोंगाटातून बोलणं निवडून काढणारा मेंदू. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेवढंच समजायला मोठ्या माणसापेक्षा साधारण ३ ते ६ डेसिबल जास्तीची सवलत लागते. पंख्याची घरघर, मिक्सर, पावसाची सर असा एकसुरी आवाज असेल तर नऊ-दहा वर्षांपर्यंत मूल मोठ्यांच्या बरोबरीला येतं. पण पार्श्वभूमीला माणसं बोलत असतील, एक-दोघांच्या गप्पा चालू असतील, तर ही बरोबरी यायला तेरा-चौदा वर्षं लागतात. कारण गोंगाट दोन प्रकारांनी झाकतो. मिक्सर आवाजावर आवाज टाकून झाकतो. शेजारच्या बाकावरची कुजबूज अर्थावर अर्थ टाकून झाकते. तिच्यात फटी भरपूर असतात, पण मूल त्या फटींतून डोकावू शकत नाही. त्याला कुजबूजही ऐकायची असते, नको असली तरी ती ऐकू येते. निपाणीत आम्ही या प्रकाराला 'कालवा' म्हणायचो, बेळगावात 'गलाटा' म्हणतात. गलाट्यात आवाज किती हे महत्त्वाचं नसतं, माणसं किती हे असतं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३मध्ये यावर जो प्रयोग केला तो या सीमाभागात सांगण्यासारखा आहे. माणसाच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडायची आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणत जायला सांगायचं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं असं नंतर विचारलं की सांगता यायचं ते एवढंच : कुणीतरी बोलत होतं, मध्येच पुरुषाऐवजी बाई बोलू लागली. चेरींनी त्या कानातली भाषा गुपचूप इंग्रजीची जर्मन केली, तर तेही लोकांच्या ध्यानात आलं नाही. भाषा बदलली आणि पत्ता नाही! बेळगावच्या मार्केटात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

मराठीची या बाबतीत आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत कोण कुणाला काय करतो ते बहुतेक शब्दांच्या जागेवरून कळतं. आपल्याकडे ते शेपटीवर अवलंबून. 'रामानं गोविंदाला हाक मारली' आणि 'रामाला गोविंदानं हाक मारली' यांतला सगळा व्यवहार 'नं' आणि 'ला' या दोन दबक्या, विनाआघाताच्या अक्षरांवर चालतो. 'वहीत लिहा' आणि 'वही लिहा' यात एका 'त'चा फरक. वर्गातल्या सूचना ऐका : पाठाखालचे, पाठावरचे, पाठातले. गोंगाटात 'पाठ' ऐकू येतो, पुढचं वाहून जातं. मोठा माणूस प्रसंगावरून भरून काढतो आणि आपण भरून काढलं हे त्याला कळतसुद्धा नाही. मूल भरून काढतं ते चुकीचं भरतं आणि चुकीच्या पानावरचा गृहपाठ करून आणतं.

भरून काढणं हा इथला कळीचा शब्द. १९७७मध्ये अमेरिकेत कॅलिको, स्टीव्हन्स आणि एलियट यांनी वाक्यांच्या दोन जाती केल्या. एकीत शेवटचा शब्द आधीच्यांवरून ओळखता येतो, दुसरीत येत नाही. मराठीत करायचं तर 'पाऊस येणार, बरोबर घे छत्री' हे पहिल्या जातीचं आणि 'ताईनं मला दाखवली छत्री' हे दुसऱ्या. पहिल्या वाक्यात 'छत्री' ऐकू आली नाही तरी चालते; भाषाच ती हातात आणून देते. म्हणजे गोंगाटातलं ऐकणं हे निम्मं कानाचं आणि निम्मं भाषेचं काम आहे. ज्या भाषेत मूल मुरलेलं आहे तिथं मदत भरपूर. जी भाषा त्यानं काल-परवा डोक्यावर घेतली तिथं प्रत्येक शब्द स्वतंत्र कमवावा लागतो.

आणि इथं आपण पुन्हा पिरनवाडीत येतो. या पट्ट्यात पोरं कुठल्या माध्यमात शिकणार हा साठ-सत्तर वर्षांचा वाद. राज्यपुनर्रचनेपासून, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६पासून त्यावर मोर्चे निघाले, निवडणुका लढल्या गेल्या, खटले झाले. कर्नाटकात पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवावं हा १९९४चा आदेश २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. याच नाक्यावर २०२०च्या ऑगस्टमध्ये संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्यावरून जो वाद पेटला तो सगळ्यांनी वाचला आहे. पाट्यांची भाषा, पुतळ्यांची जागा, चौकाचं नाव यांवर आपण सगळे तावातावानं बोलतो. पोराच्या कानावर शेवटच्या बाकाशी कोणती भाषा किती पोचते, हे मात्र कुठल्याही बाजूच्या निवेदनात मी वाचलेलं नाही.

मोजलं गेलंय ते दुसरीकडे. १९९७मध्ये मायो, फ्लोरेन्टिन आणि बुअस यांनी अमेरिकेतल्या स्पॅनिश मातृभाषेच्या लोकांना तपासलं. काहींना इंग्रजी अगदी लहानपणी आलेली, काहींना चौदाव्या वर्षानंतर. शांततेत सगळे चांगलं इंग्रजी समजणारे, कामधंदा करणारे. गोंगाट सुरू केल्यावर उशिरा शिकलेले आधी गळाले. वाक्यातल्या आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ओळखायचा जो फायदा, तो त्यांना जवळपास मिळालाच नाही. २००५मध्ये पेगी नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरीच्या मुलांवर असंच काम केलं : काहींच्या घरी इंग्रजी, काहींच्या घरी स्पॅनिश. वर्गातला गोंगाट वाढवला तसे दोन्ही गटांचे गुण उतरले, पण दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्यांचे अधिक. दुहेरी मार. शांत खोलीत या मुलांना नापास करणं अवघड होतं.

म्हणजे बहिणीच्या नातीची चाचणी इंग्रजी वाक्यांवर घेतली तर ती कदाचित कमी पडेल, मराठीवर घेतली तर पास होईल. आणि दोन्ही निकाल खरे असतील. पहिला सांगेल वर्गात तिचं काय होतंय. दुसरा सांगेल तिच्या कान-मेंदूत बिघाड आहे की नाही. यातला एकच कागद हातात घेऊन कुणी तिच्यावर शिक्का मारला तर तो चुकीचा बसेल. इथल्या प्रत्येक मुलाला निदान दोन भाषांत तपासलं पाहिजे असं माझं मत आहे, आणि ते मी सीमावादाच्या कुठल्याही बाजूनं मांडत नाहीये.

आता 'मराठीत' म्हणजे कोणत्या मराठीत? म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५पासून काम करतेय. कन्नडमध्ये गोंगाटातल्या वाक्यांच्या याद्या तिथं झाल्या आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३पासून आहे. दोन्ही बेळगावहून रात्रभराच्या प्रवासावर, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला, आणि आमचं पोर मधोमध. मुंबईत किंवा पुण्यात बसून केलेली यादी त्याच्यापुढं ठेवली तर गुण देणाऱ्याची पंचाईत होईल. 'मी ऐकलं' असं वाक्य आलं आणि पिरनवाडीच्या मुलीनं ते 'मी ऐकलो की' असं परत म्हटलं, तर चूक की बरोबर? कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात मुली 'मी आलो, मी गेलो' सर्रास म्हणतात. तिनं वाक्य पूर्ण ऐकलंय, समजलंय आणि आपल्या बोलीत फिरवून दिलंय. पुण्याचा तपासनीस एक गुण कापेल. मी असतो तर एक जास्त दिला असता.

शब्दांच्या जोड्यांचंही तेच. भात–बात, घार–गार, धार–दार, फळ–पळ या जोड्या मराठी कान तपासायला उत्तम. पण कन्नड बोलचालीत महाप्राण अक्षरं बरीचशी अल्पप्राणासारखी उच्चारली जातात. कन्नड घरातलं मूल 'घार' ऐकून 'गार' म्हणालं तर तो कानाचा दोष नव्हे, घरचं वळण. उलट माळ–माल, गाळ–गाल यांत ते अडखळणार नाही, कारण 'ळ' दोन्ही भाषांत नांदतो. 'चमचा'तला दंत्य 'च' त्याला परका वाटेल. हे सगळं ज्याला ठाऊक आहे त्यानंच इथली यादी करावी. बेंच-कोवाल-बॅमफर्ड यांच्यासारखं चित्रं दाखवून, पोरांना बोलतं करून. त्यात रताळी येतील, कुंदा येईल, वडाप येईल, टीचर आणि अक्का येतील. मोबाईलही येईल, त्याला इलाज नाही.

कानाचा खरा दोष नसतोच असं मात्र म्हणायचं नाही. सर्दी-पडशानं मधल्या कानात पाणी साचतं, कान ठणकतो, फुटतो, वाहतो. 'पोराचा कान वाहतोय' हे वाक्य आपल्याकडे 'पोराचं नाक वाहतंय' इतक्याच सहजपणे म्हणतात आणि तेल सोडून मोकळे होतात. तेल सोडू नये, डॉक्टरला दाखवावं; एवढं सांगून पुढं जातो. अशा मुलाला महिनाभर कमी ऐकू येतं, मग नीट, मग पुन्हा कमी. एकाच कानाचं असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण शांत घरात एका कानावर भागतं. गोंगाटात भागत नाही. बोलणारा कुठल्या दिशेला आहे हे मेंदू दोन कानांवर आवाज पोचण्यातल्या फरकावरून काढतो. तो फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका. त्या दिशेचा धागा धरूनच मेंदू बाकीचा गलाटा बाजूला सारतो.

ऑस्ट्रेलियात शॅरन कॅमरन आणि हार्वे डिलन यांनी यावरच बोट ठेवणारी चाचणी केली. हेडफोनमधून वाक्य समोरून आल्यासारखं ऐकवायचं आणि लक्ष विचलित करणारं वेगळं बोलणं एकदा समोरूनच, एकदा दोन्ही बाजूंनी. ते बाजूला सरकल्यावर बहुतेक मुलांना एकदम सोपं जातं. काहींना काहीच फरक पडत नाही. त्यांचे कान ठीक, पण दिशेचा धागा हाती लागलेला नाही. आणि कान वारंवार बिघडलेल्या मुलांत असे पुष्कळ सापडतात. समाधानाची बाब अशी की हा धागा कॉम्प्युटरवरच्या खेळातून, रोज थोडा वेळ बसून, बऱ्याच मुलांना पुन्हा पकडता येतो.

आपल्याकडे शाळांत आरोग्य तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झाला आणि देशभर गेला. तपासायच्या यादीत ऐकणंही आहे. पण शाळेच्या व्हरांड्यात, मधल्या सुट्टीच्या कालव्यात, एका दिवसात शंभरावर पोरं पाहायची असताना कुणी डेसिबल मोजत बसणार नाही, आणि त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. कायदाही ढोबळ आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकण्यास जड' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट. ज्याचा एकच कान गेलाय, ज्याची घट तीस-चाळीस डेसिबलची आहे किंवा जे फक्त गोंगाटात हरवतं, ते मूल कायद्याच्या लेखी धडधाकट. त्याच्यासाठी शेरा आहे, सर्टिफिकेट नाही.

राहिला वर्ग. शिक्षिका नेहमीच्या ठसठशीत आवाजात बोलतात तेव्हा हातभर-दोन हातांवर तो ६५ डेसिबलच्या आसपास भरतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. एक मीटरवरचे ६५, आठ मीटरवरच्या शेवटच्या बाकाशी ४७. भिंती थोडं परत देतात, पण ते उशिरा, मागच्या अक्षरावर पुढचं अक्षर सांडत. वर्गात पंखा, चाळीस पोरं, खिडकीबाहेर रस्ता मिळून ५५ झाले तर बोलणं गोंगाटाच्या आठ डेसिबल खाली गेलं. मुलांना ते १५ डेसिबल वर हवं असतं. अमेरिकेच्या २००२च्या मानकात रिकाम्या वर्गाची मर्यादा ३५ डेसिबल आहे. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीचं १०० मीटर हे शांतता क्षेत्र मानून दिवसा ५० डेसिबल ठरवून दिलेत. ज्या गावात शाळा रस्त्याला आहे आणि रस्ता राज्य ओलांडतो, तिथं हे शंभर मीटर कागदावरच राहतात.

मी शिकलो त्या शाळेवर पत्रे होते. जूनमध्ये सर कोसळली की मास्तरांचे फक्त ओठ हलायचे. थोडा वेळ ते ओरडायचे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी १९११मध्ये नोंदवलंय, आणि त्यानं गळा बसतो हे आमच्या मास्तरांनी दर पावसाळ्यात सिद्ध केलं. शेवटी ते फळ्यावर गणितं लिहून द्यायचे आणि आम्ही सुटलो असं समजायचो. आता वाटतं, त्या दिवसांत मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदाच पुढच्यांच्या बरोबरीला येत असतील. लिहिलेलं सगळ्यांना सारखं दिसतं.

उपाय फार महाग नसतात याचा दाखला न्यूयॉर्कचा आहे. मॅनहॅटनमधल्या एका शाळेच्या एका बाजूनं उंचावरून रेल्वे जायची. १९७५मध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळाकडच्या आणि पलीकडच्या वर्गांतल्या मुलांचं वाचन तपासलं. सहावीपर्यंत रुळाकडची मुलं जवळपास वर्षभरानं मागे पडलेली. इमारत तीच, शिक्षक त्याच दर्जाचे. मग रेल्वेनं रुळांखाली रबर घातलं, शाळेनं छताला आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१च्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरला नव्हता. इथं जाड पडदे, भिंतीवर सूचनाफलकाचा मऊ बोर्ड, पत्र्याखाली सीलिंग, रस्त्याकडची खिडकी बंद आणि अंगणाकडची उघडी, एवढ्यानंही आवाज खाली येतो. शिक्षिकेच्या कॉलरला माईक आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर हाही मार्ग आहे. आणि सगळ्यात स्वस्त : फळ्याकडे तोंड करून बोलू नये. ओठ दिसले की गोंगाटातलं समजणं किती वाढतं ते सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४मध्येच मोजून ठेवलंय.

बहिणीला मी यातलं निम्मंच सांगितलं. नातीचा बाक पुढं घ्यायला शाळेत सांग आणि कान पुन्हा एकदा, या वेळी गोंगाटातली चाचणी करणाऱ्याकडे नेऊन दाखव. ती म्हणाली, "बघू की." नातीला मात्र खेळ आवडला होता. आता तिला बाई व्हायचं होतं. तिनं मला पाटी दिली, पायरीवर रस्त्याकडे पाठ करून बसवलं आणि जाहीर केलं की आकडे कन्नडमध्ये येणार. कन्नड मला दहापर्यंत चांगलं येतं. निपाणीच्या बाजारात वाढलोय. दाराआडून तिनं एक फेरी घेतली, मी सगळे बरोबर लिहिले. दुसऱ्या फेरीला नाक्यावर दोन ट्रक समोरासमोर आले.

तिनं पाटी हातात घेतली. मी ३, ७, ८ लिहिलं होतं.

"एळु तेवढं बरोबर. मी आरु म्हटलो, तुम्ही मूरु लिहिलाय. आणि हे एंटु नव्हे, एरडु."

"मधनं ट्रक गेला की गं."

"ट्रक मला पण ऐकू आला," ती म्हणाली. "लक्ष नाही तुमचं, आजोबा."